अर्जदार हजर?

फायलीवर धूळ साचती, आन हापिसाबाहेरच्या बाकड्यावर किस्सं साचत्यात. तीन वरसं बसले मी त्या बाकड्यावर. आता पदर झटकला तरी एखादा पडंल.

आमचं घर पवनानगरच्या वरल्या अंगाला. माज्या म्हाताऱ्याची डावी बाजू लकव्यानं गेलेली. संडास-मोरी घरामागं, सात पायऱ्या खाली. दोघांनी उचलून न्यायचं त्याला. खाटंला लागून एक खोली काढू म्हनलं, तर बांधकामाच्या हापिसानं परवानगी नाकारली. मंग त्याच्या नावानं अपील घातलं, आन तारखंला मी जायची.

बाकड्यावर आमी तिघं कायमचं. मी, तळेगावचे काका, म्हंजी रिटायर मास्तर, त्यांचा जिना नामंजूर, आन डोंगरवाडीचा लक्षुमन, त्याचं अख्खं घरच नामंजूर.

माजा फारम काकांनी भरला. "मावशी, बांधकामाचं प्रयोजन काय लिहू?"

"मुतायला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लिवलं 'निवासी'.

लक्षुमनला सायेब म्हनले, "घराच्या आधीचा पुरावा आणा."

"घराच्या आधी तितं डोंगर व्हता सायेब. त्यो आनू?"

सायेब हसले. पुढली तारीख दिली.

नकाशात आमचं घर हिरव्या पट्ट्यात. हिरव्यात बांधता येत न्हाई, पिवळ्यात येतं. मी काय केलं, नकाशाच्या झेराक्सवर आमच्या घरापुरती हळद चोळून नेली.

"मावशी, हे काय?"

"हळद लागली सायेब. आता लगीन तेवढं लावा."

समदं हापिस हसलं. घर हिरवंच राह्यलं. घरी येऊन म्हाताऱ्याला सांगितलं, तर त्यो बी हसला, अर्ध्या तोंडानं. म्हनला, "सोडू नगंस."

तितं एक नेम हाय. बबन शिपाई दारात हुभा राहून नाव पुकारतो. तीनदा पुकारून कुनी 'हजर' न्हाई म्हनलं, की अपील बाद. एकदा लक्षुमनची जीप चुकली. त्याचं नाव आलं. मी दोन यत्ता शिकल्याली, पर हजेरी द्यायला तेवढ्या पुरत्यात. पदर तोंडाला लावून जाड आवाजात म्हनले, "हजर."

बबननं बाकड्यावर नजर फिरवली. "कुटंय लक्षुमन?"

"पानी प्यायला गेलाय."

बबननं माज्या पदराकडं बघितलं. मंग आत जाऊन तसंच सांगितलं. तवापासून 'पानी प्यायला गेलाय' म्हनलं, की बाकडं हसायचं.

श्रावनात म्हातारा गेला. सात पायऱ्यांवरूनच न्हेला, मसनघाट त्याच अंगाला हाय. काका आलते, लक्षुमन आलता. दहाव्याला बबन बी आला, कोपऱ्यात बसला, चा घेतला न्हाई.

पुढल्या म्हैन्यात तारीख पडली. पिशवीत मृत्यूचा दाखला घेऊन मी गेले. उठून सांगायचं, अर्जदार न्हाई, फाईल बांधा.

बबन दारात आला. म्हाताऱ्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. "अर्जदार हजर?"

मी पिशवी मांडीवर धरून बसूनच राह्यले.

परत पुकारलं.

तिसऱ्यांदा पुकारलं, तर काका म्हनले, "हजर." जल्मात खोटं न बोलल्यालं मास्तर. तिकडून लक्षुमन म्हनला, "हजर."

आतून सायेबांचा आवाज आला, "कोण आहे? पाठवा की आत."

बबननं माज्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मंग आत तोंड करून म्हनला, "सायेब, पानी प्यायला गेल्यात."