दोन आत्त्या आणि एक आधार कार्ड

इकॉनॉमेट्रिक्सच्या, म्हणजे अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीच्या पुस्तकात माणसांचे दोन गट असतात. एकाला काहीतरी मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही, आणि न मिळालेला गट पुस्तकभर गप्प बसून राहतो. पुस्तक लिहिणाऱ्याला आत्त्या नसणार.

मला दोन आहेत. एक निपाणीला दिलेली, दुसरी कागलला. मध्ये राज्याची हद्द: निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. माहेर एकच, आमचं बेळगावच्या वडगावातलं मागाचं घर. आजोबांनी दोघींना जन्मभर एकाच ताण्यावर विणलेल्या साड्या दिल्या, कारण काठाच्या रंगात जरा फरक पडला तरी घरात अबोला सुरू व्हायचा. मला हे माहीत होतं आणि तरीही मी तो उद्योग केला.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना कर्नाटकात तिथलं आधार कार्ड असलेल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली. मला प्रबंधाचा विषय सापडला: तिकीट फुकट झालं की बायका माहेरी जास्त येतात का? निपाणीच्या आत्तीला आता फुकट. कागलच्या आत्तीला निपाणीपर्यंत महाराष्ट्राच्या एस.टी.त अर्धं तिकीट, पण तिथून बेळगावला कर्नाटकच्या गाडीत पूर्ण. तोवर दोघी ठरवून एकाच गाडीनं यायच्या. म्हणजे सुरुवात सारखी, आणि पुढे जो फरक पडेल तो फुकट तिकिटाचा. सर म्हणाले, गावोगाव फिरण्याआधी ही पद्धत घरातच चालवून बघ, सत्र संपताना निकाल दाखव, मग विषय मंजूर करतो. फक्त संशोधकानं मध्ये पडायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

कागलच्या आत्तीला प्रश्न विचारायला बसले तर तिनंच विचारलं, हे कशासाठी. मी मोठ्या हुशारीनं समजावलं की ती तुलनेसाठी आहे, तिला काही मिळत नाही, तेच तिचं काम. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"तिला समदं आन मला काय न्हाय," ती म्हणाली, "आन ते तू लिवून बी घेतीस व्हय गं?"

पुढच्या खेपेला ती आली ती फुकटवाल्या बायकांना मिळणाऱ्या झिरो तिकिटावर. निपाणीत उतरून तिनं बहिणीचं आधार कार्ड घेतलं आणि तेच कंडक्टरला दाखवलं. त्यावरचा फोटो असा होता की आमच्या घरातल्या कुठल्याही बाईचा म्हणून खपला असता. तिनं तिकीट माझ्यापुढं ठेवलं आणि आता हे लिही म्हणाली.

तिथून दोघींचं एकत्र येणं बंद झालं. कागलची आता पैसे देऊन यायला तयार नव्हती आणि कार्ड एकच, त्यामुळं एक आली की दुसरी घरी. कधी कार्ड कागललाच राहायचं आणि बस फुकट असलेली आत्ती निपाणीत अडकून पडायची. सत्र संपताना माझा कॉम्प्युटर सांगू लागला की तिकीट फुकट केलं की बायका माहेरी येणं कमी करतात.

सरांना आधी वाटलं मी वजाबाकी उलटी केली. खरं कळल्यावर ते म्हणाले, कागलच्या नोंदी काढून टाक, विषय वाचेल.

मला ते जमेना. दोघी एकत्र असल्या की मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून भांडायच्या. एकटी आलेली आत्ती नुसती जेवायची आणि झोपायची. मला त्या भांडणाशिवाय करमेना. मी मध्ये पडायचं ठरवलं, विषय गेला तर गेला. शेवटी मी खानापूरच्या भातावर प्रबंध लिहिला, कारण शेजारच्या वाफ्याला काय मिळालं हे भात विचारत नाही.

दोघींना बोलावून मी निपाणी स्टँडवर गेले. कागलच्या आत्तीकडचं कार्ड घेऊन जिचं तिच्या हातात दिलं आणि गाडीत कागलच्या आत्तीचं पूर्ण तिकीट मी काढलं. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं. दोघी एका बाकावर बसल्या आणि मला फार बरं वाटलं.

संकेश्वर येईपर्यंत निपाणीची आत्ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडं वळली.

"माझं तिकीट सरकारनं काढलं," ती म्हणाली. "तू मला काय दिलीस गं?"