कोरी नळी

धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबांनी घरातले देव पूर्णेत सोडले. "देवासंगं भुतंबी गेले," म्हणाले. पुढे मी बी.एस्सी. झालो, म्हणजे तर बोलायलाच नको! तरीही हे लिहितोय... हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

साल १९६३. अकोल्यातली पाणी तपासणीची प्रयोगशाळा. मी सगळ्यात खालचा, टेम्पररी. पाण्याचा नमुना पाच नळ्यांतल्या जांभळ्या द्रवात घालायचा आणि नळ्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. पाणी घाण असलं की द्रव पिवळा पडतो, आत बुडबुडा धरतो. सहावी नळी कोरी, तिच्यात नमुना घालायचाच नसतो. ती जांभळीच राहिली तर आपलं काम चोख.

मे महिन्यात दर्यापूरकडच्या एका खेड्यातून गिरजाबाई आल्या. हातात फडक्यानं बांधलेला लोटा. माझं गाव, आडनाव विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "आमच्या वस्तीच्या हिरीचं पानी हाय, बापू. लेकरं हगून राह्यले. तपासून दे."

नियमानं लोटा चालत नाही, निर्जंतुक बाटलीच लागते. ती घेऊन कुणीतरी विहिरीवर जायला हवं होतं. पण आमचे साहेब म्हणाले, "त्या गावाची विहीर मागच्या हप्त्यात तपासून झाली ना? एकच गाव, एकच पाणी. लिहून टाक, योग्य."

गावात विहिरी दोन असतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझं बालपण दुसऱ्या विहिरीवर गेलं. पण मला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. मी "पिण्यास योग्य" लिहिलं, सही केली, लोटा मोरीत ओतला. गिरजाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आपला पोरगा हाय, म्हून काम झालं."

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर कोरी नळी पिवळी! बुडबुड्यासकट. शहरातल्या नमुन्याच्या पाचही जांभळ्या. नवी भरली... पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हा लोकांच्या हाताला स्वच्छतेची सवयच नाही." मग त्यांनी स्वतः नळी निर्जंतुक केली, भरली, पेटीला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली.

सकाळी तीही पिवळी.

मला राहवेना. निर्जंतुक बाटली घेऊन मी त्या गावी गेलो. गिरजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. आदल्या दिवशी नातू गेला होता.

"कागदावर चांगलं लिवलं होतं ना, बापू? म्हून आमी पानी उकयून पेलो नाई."

त्या विहिरीच्या पाचही नळ्या पिवळ्या निघाल्या. सहावी मात्र जांभळी होती, आणि पुढे माझ्या सबंध नोकरीत कोरी नळी कधीच पिवळी पडली नाही. कितीतरी जाणकारांना विचारलं. कुणालाच कारण सांगता आलं नाही, मलाही नाही.

साहेबांनी माझा पहिला अहवाल फाईलीतून काढून टाकला. पुढच्या महिन्यात कायमची ऑर्डर आली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.