वाट्याची तलंग

उषामावशीला घर सोडायचं नव्हतं. त्यासाठी तिच्याकडे एकच कारण होतं, कोंबड्या.

तिचा मुलगा धर्मराज जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करतो. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आई, गुडघे गेलेत, एकटी राहू नको. ती म्हणायची, "येते रे. पण ह्यांना कोण बघंल?" ह्यांना म्हणजे तेवीस कोंबड्यांना. धर्मराज पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारायचा.

आमचं गाव वडीगोद्रीपासून चार किलोमीटर आत. तिचं घर आमच्या घराला लागून. मराठीत एम.ए. करून मी परत आले आणि सकाळचा चहा तिच्या ओसरीवर घ्यायला लागले. ती अडुसष्टची होती. तरी मैत्री झाली. ती मला 'तृप्ते' म्हणायची आणि मी काही विचारलं की आधी उसासा टाकायची.

सतराव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली. तिसऱ्या दिवशी सासूने खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी तिच्या हातात दिली. म्हणाली, बसव. तिने बसवली. अकरा अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. सासू दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर पन्नास वर्षं अंगणात कोंबडी नाही असा दिवस गेला नाही. नवरा गेला त्या दिवशीही संध्याकाळी तिने उठून खुराड्याचं दार लावलं होतं, असं माझी आई सांगते.

तिने मला काही शिकवलं नाही. मी बघत होते म्हणून कळलं. दाणा ती सकाळी टाकत नसे. "सकाळी टाकला की दारातच बसून राह्यतात. सांजच्याला टाकला की घरी येतात." अंडी कोंबडीच्या पंखाखाली मावतील तेवढीच ठेवायची. एक जास्त झालं की सगळीच पाळीपाळीने थंड पडतात. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी लावून प्रत्येक अंडं बघायचं. लाल शिरा दिसल्या नाहीत तर काढून टाकायचं, कीव करायची नाही.

आजारी कोंबडी ओळखायची तर दाणे टिपताना बघू नको, असं ती म्हणायची. "ती बाकीच्यांना दाखवायला चोच मारती. गिळत न्हाई. झोपायला बसली की गळ्याखालची पिशवी चाचपून बघ. रिकामी लागली की समज."

आणि बाहेरून कोंबडी आली की पंधरा दिवस परसातल्या कडुनिंबाखाली, डालग्यात. म्हणजे मोठ्या उलट्या टोपलीखाली. तिला दाणा सगळ्यात शेवटी द्यायचा, मग हात धुवायचे. व्याह्याने दिलेली असो की नवसाची, पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस.

या नियमाला एक सूट होती. ती सूट आहे हे तिच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

आमच्याकडे कोंबडी वाट्याने देतात. एकीची कोंबडी, दुसरीची मेहनत, पिल्लं मोठी झाली की निम्मी निम्मी. गावातल्या अर्ध्या घरांत मावशीच्याच कोंबड्यांचं खानदान होतं. वाट्याची तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, परत आणतात तेव्हा तिच्या पायांना हळद लावतात. मालकीण तिला चुलीभोवती तीनदा फिरवते आणि सरळ खुराड्यात सोडते. ती नवी नसते. मामाच्या गावाहून परत आलेल्या पोरीसारखी असते. तिला डालग्यात कोंडायचं म्हणजे आणणाऱ्या बाईच्या घरावर संशय घ्यायचा. तसं कुणी करत नाही.

मार्चमध्ये बेबीनंदा दोन तलंगा घेऊन आली. ती गल्लीच्या टोकाला राहते.

"घ्या मावशी, तुमचा वाटा. कशा गुबगुबीत झाल्यात बघा."

"त्यांना काय घालतीस गं? त्या फुगल्या अन् तू वाळून चालली."

"त्यांना सासू न्हाई ना, मावशी."

आम्ही तिघी हसलो. मावशीने तलंगा चुलीभोवती फिरवल्या आणि खुराड्यात सोडल्या.

बेबीनंदाने एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या आठवड्यात तिच्या तीन कोंबड्या मेल्या होत्या. उन्हाने मेल्या असतील असं तिला वाटलं. किंवा तिने तसं वाटून घेतलं. त्यात मावशीच्या कोंबड्यांची लसही राहिली होती. दरवर्षी ती स्वतः वडीगोद्रीला जाऊन बर्फात घालून लस आणायची. यंदा गुडघ्यांमुळे जमलं नाही. तिने मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी त्यातली एक तलंग खुराड्यातून उतरली नाही. मावशीने तिला हातात घेतलं. मान मागे वळत होती. विष्ठा हिरवी होती. मावशी तिथेच मातीत बसली.

"मानमोडी," ती म्हणाली. म्हणजे राणीखेत, कोंबड्यांची साथ. "माझ्याच हातानं सोडली गं मी."

दहा वाजता कचरू आला. मोटरसायकलला जाळ्या बांधून तो गावोगाव कोंबड्या घेतो आणि हायवेवरच्या ढाब्यांना देतो. अशा बातम्या त्याच्यापर्यंत कशा जातात देव जाणे.

"काकू, बाकीच्या चांगल्या दिसून राह्यल्या. जल्दी करा. सांजपर्यंत कापून बी होतील."

"हीच जाळी घेऊन पुढं कुठं जाशील?"

"शहागडाकडं."

"शहागडच्या बायांनी काय वाकडं केलं तुझं?"

"सगळेच देतात, काकू."

"ते माहिती हाये मला. आत येऊ नको, तिथंच थांब. तृप्ते, त्याला चहा नेऊन दे. अन् कप त्यालाच देऊन टाक."

कचरू चहा पिऊन, कप घेऊन गेला.

मग ती घरोघर निघाली. आधी तिने पाय धुतले, साडी बदलली, चपला दारात ठेवल्या आणि माझ्या आईच्या घालून आली. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. कुणाच्याच अंगणात ती शिरली नाही. बाहेरूनच सांगत होती. माझ्याकडं मानमोडी आलीया, कोंबड्या कोंडून ठेवा, ज्यांच्या बऱ्या आहेत त्यांनी आजच लस आणा, माझ्या दारात कुणी येऊ नका. तीच चार वाक्यं, चाळीस घरांपुढे.

सगळ्यांनी विचारलं, "कुठून आली?"

"माझ्याच घरून," ती म्हणायची.

भिवा दारात दाढी करत होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या कोंबड्या तर शाळा शिकल्याल्या व्हत्या की!"

"नापास झाल्या रे," मावशी म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली.

बेबीनंदाच्या दारात मी थांबले. मला वाटलं, आता बोलेल. बेबीनंदा उंबऱ्यात उभी होती, पदर तोंडावर. मावशीने तिलाही तीच चार वाक्यं सांगितली. एक शब्द जास्त नाही.

नऊ दिवसांत पंचवीसपैकी चोवीस गेल्या. भिवाने कंबरभर खड्डा खणून दिला, चुनाही त्यानेच आणला. रोज सकाळी मावशी जेवढ्या गेल्या तेवढ्या गोणीत भरायची आणि खड्ड्यापर्यंत ओढत न्यायची. मला हात लावू देत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. नुसता थकवा होता.

एक चितरी म्हातारी कोंबडी वाचली. दहाव्या दिवशी ती दाणे खाऊ लागली. मान थोडी वाकडी राहिली, पण ती अंगणात फिरत होती. मी आनंदाने ओरडले. मावशीने तिला उचललं, पाठीवरून हात फिरवला आणि तिला घेऊन घरामागे गेली. परत आली तेव्हा विळा धुवत होती.

"मावशी, ती वाचली होती!"

"वाचली म्हणून तर. वाचल्याली जास्त वाईट. तिच्या पोटात ते राह्यतं, अन् ती हिंडती."

मी घरी आले. दोन दिवस तिच्याकडे गेले नाही.

गावात आणखी पाच घरांत कोंबड्या मेल्या. बाकी वाचल्या. कुणी मावशीचे आभार मानले नाहीत. दोघीतिघी म्हणाल्या, हिच्यामुळेच आली.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बेबीनंदा फाटकाबाहेर उभी होती. रडत होती.

"मावशी, तुम्ही माझं नाव का न्हाई घेतलं?"

मावशी खुराड्याची कौलं काढत होती, आत ऊन जावं म्हणून. तिने वर पाहिलं नाही.

"तुझं नाव घेतलं असतं तर गावानं तुला खाल्लं असतं. मंग पुढच्या साली ज्या बाईची कोंबडी मरंल ती तोंड उघडंल का? ती गुपचूप पुरंल अन् बाकीच्या कचरूला देईल. तू तरी का न्हाई सांगितलं? भ्यालीस म्हणूनच ना?"

"मी चुकले."

"तू भ्यालीस. चुकले मी. तुला वाईट वाटंल म्हणून डालग्यात न्हाई घातल्या. हे आता सगळ्या बायांना सांग, तूच सांग. वाट्याची असली तरी पंधरा दिवस. हळद लावा, चुलीभोवती फिरवा, अन् मंग कोंडा. जा आता, ऊन झालं."

रविवारी धर्मराजचा फोन आला. मावशीने स्पीकर लावला होता, तिला तसंच ऐकू येतं. "आई, आता तर कोंबड्याही नाहीत," तो हळूच म्हणाला. त्याला तसं म्हणताना लाज वाटत असावी. मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणणार होते, गल्लीतल्या वंदनाच्या घरच्या कोंबड्या तुझ्याच वाट्याच्या आहेत, तिच्याकडून अंडी आणू. पण ती गुडघा चोळत होती, म्हणून थांबले.

"ये गाडी घेऊन," ती म्हणाली.

एप्रिलअखेर मी जालन्याला गेले तेव्हा तिला भेटले. जिना अरुंद होता. खाली ठोक कापडाचे गठ्ठे उतरत होते, रिक्षांचा गोंधळ होता. मावशी खिडकीपाशी पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांना तेल लावलेलं. सुनेने पोहे आणून दिले, मायेने वागत होती. मावशी जाड झाली होती आणि म्हातारी.

"इथं सगळं बराबर हाये," ती म्हणाली. "पाच वाजता डोळा उघडतो. मंग सात वाजेपर्यंत बसून राह्यते. सून म्हणती झोपा. झोप कुठं?"

मी सांगितलं, वंदनाकडे एक कोंबडी खुडूक झाली आहे. बेबीनंदाने सगळ्यांना डालग्याचं सांगितलंय. काही ऐकतात, काही नाही.

"हं."

"तू परत येशील ना?"

"खुराडं चार महिने रिकामं ठेवावं लागतं. ऊन खाऊ द्यावं लागतं."

"म्हणजे ऑगस्टमध्ये?"

ती खाली गठ्ठे उतरवणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. "पुन्हा सगळं पहिल्यापासनं करायचं, तृप्ते. ते बिलकुल अवघड न्हाई. येतं मला." तिने बशी बाजूला ठेवली. "पण आता कंटाळा आला गं."

मग तिने मला उठवलं, म्हणाली वडीगोद्रीची गाडी चुकेल. मी जिना उतरले.