इंजिन धाकट्याचं, डबा थोरल्याचा

निरगुडसरच्या हौशीराम मिस्त्रींच्या घरात तीन आगगाड्या आहेत आणि गावाला रेल्वे नाही. निरगुडसरलाच काय, आख्ख्या जुन्नर-आंबेगावात रूळ नाही. गाडी येणार, येणार म्हणता म्हणता एक पिढी म्हातारी झाली. हौशीरामांनी वाट पाहिली नाही, घरीच गाड्या केल्या. हातभर लांबीच्या, तांब्या-पितळेच्या, स्पिरिटच्या जाळावर खरी वाफ धरून पळणाऱ्या.

सगळी हयात नारायणगावात शेतीचे पंप दुरुस्त करण्यात गेली. काम सुटलं तसं त्यांनी ही जुनी इंजिनं खाली काढली. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, सांध्यांची गळणारी झाळ काढून नवी घालायची, रेड ऑक्साइडचा एक हात द्यायचा आणि मग रंग. तरुणपणी घाईत केलेलं काम समोर आलं की त्यांचं डोकं फिरे. हे कुण्या गाढवानं केलंय, असं ते पुटपुटत आणि बायको रत्नाबाई मेथी निवडता निवडता म्हणत, "तुमीच की."

दोन गाड्या अशा नव्याकोऱ्या झाल्या. तिसरी, म्हणजे खरं तर सगळ्यात पहिली, तेवढी राहिली. वाफेच्या इंजिनामागं कोळसा-पाण्याचा एक छोटा डबा असतो. त्याचं खरं नाव टेंडर, पण आपल्याकडं टेंडर म्हटलं की ग्रामपंचायत आठवते, म्हणून घरात सगळे डबाच म्हणत. या गाडीची स्पिरिटची टाकी त्या डब्यात होती. डबा नाही तर जाळ नाही आणि जाळ नाही तर वाफ नाही. तो डबा एकोणतीस वर्षं मळ्यात, थोरल्या भावाच्या, गेणभाऊंच्या घरी होता.

गाडी दोघांनी मिळून केलेली. दौंडला मावशीकडं गेले असताना दोघांनी वाफेचं इंजिन पाहिलं आणि परत आले ते येड घेऊनच. हौशीरामांनी आईचा फुटका बंब तोडून बॉयलर केला, सायकलच्या पंपाचा सिलिंडर केला. गेणभाऊंना हत्यार धरता येत नव्हतं, पण रंगाची नजर पक्की. शेतीच्या पंपांना देतात त्या हिरव्या रंगात काळा आणि आणखी काय काय मिसळून त्यांनी असा गडद हिरवा काढला की गाव बघायला आलं.

मग वाटणी झाली. रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. विहिरीच्या पाळीवरून तोंडं आधीच फुगलेली. भांडी, पत्रे, औतं असं सगळं झाल्यावर शेवटी गाडी उरली. गेणभाऊंनी इंजिन या वाट्यात ठेवलं आणि डबा त्या वाट्यात. पंच म्हणून बसलेल्या सावळेरामांनी मान डोलावली, म्हणाले समसमान झालं. केवढं ते डोकं! हौशीरामांनी रागाच्या भरात इंजिन उचललं आणि चालू लागले. त्यानंतर दोघे भाऊ लग्नकार्यात एका पंगतीला बसले, पण एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही.

नवा डबा करणं म्हणजे दोन दिवसांचं काम. रत्नाबाईंनी ते शंभरदा सांगून पाहिलं. हौशीराम कधी पत्रा नाही म्हणत, कधी चाकं मिळत नाहीत म्हणत. खरं कारण वेगळं होतं. नवा डबा केला म्हणजे आपल्याला भाऊच नाही असं धरून चालल्यासारखं झालं, आणि तेवढं त्यांच्यानं होईना. रागही होता आणि भाऊही हवा होता.

यंदा त्यांनी इंजिन खरवडायला घेतलं आणि खरवडण्याच्या नादात जुना हिरवा पार तांब्यापर्यंत काढून टाकला. नमुन्यालाही उरला नाही. मंचरहून चार वेळा रंग आणला, मिसळून पाहिला. एकदा पोपटी झाला, एकदा शेवाळी. तो हिरवा आता एकाच ठिकाणी होता. शेवटी एका सकाळी त्यांनी इंजिन पिशवीत घातलं आणि नुसता रंग बघून येतो म्हणाले. रंग बघायला इंजिन कशाला, असं रत्नाबाईंनी विचारलं, तेव्हा ते चपला शोधत होते.

मळ्यात गेणभाऊ ओट्यावर लसूण सोलत बसले होते. हौशीरामांनी आल्या आल्या सांगितलं, डब्याचा रंग बघायचाय. गेणभाऊ लसूण बाजूला ठेवून आत गेले आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून डबा घेऊन आले. हौशीरामांनी तो हातात घेतला आणि चमकलेच. कडा बुजलेल्या, रिबिटं दिसेनात, कॉक जाम, झाकण चिकटलेलं. डबा चांगला बाळसं धरून होता. गेणभाऊ दर दसऱ्याला हत्यारांबरोबर त्याची पूजा करत आणि पूजेआधी त्याला रंगाचा एक हात देत. एकोणतीस दसरे, एकोणतीस हात.

"मला दुसरं काय येतंय हौशा," गेणभाऊ म्हणाले. "रंगच येतो. म्हणलं, तू मागाया आलास तर नवा दिसाया पायजे."

दुसऱ्या कुणी असं काम दाखवलं असतं तर हौशीरामांनी त्याची सालटी काढली असती. ते डबा नुसता फिरवत राहिले. मग इतकी वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं विचारलं.

"दादा, तू तोडलीस कशापायी गाडी?"

"मी कुठं तोडली? मला वाटलं व्हतं, तू म्हणशील, ही ठेव एका जागी, तोडू नगं. तू उचलून निघालासबी."

"मी वाट बघत व्हतो, तू मागनं हाक मारशील म्हणून."

दारात उभ्या असलेल्या कोंडावहिनींनी कपाळाला हात लावला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सगळा खरवड, मी नव्यानं देतो, असं गेणभाऊ म्हणाले. हौशीरामांनी ऐकलं नाही. टरपेन आणि बारीक सुरीनं त्यांनी फक्त झाकण, कॉक आणि स्पिरिटची नळी मोकळी केली. बाकीचे एकोणतीस थर तसेच राहू दिले. ओबडधोबड काम जन्मात पहिल्यांदा त्यांनी खुशीनं सोडलं.

रूळ नव्हतेच. ओट्याच्या फरशीवर गाडी ठेवली, बॉयलरमध्ये पाणी भरलं, पिशवीतून आणलेलं स्पिरिट डब्यात ओतलं, बॉयलरखाली काडी लावली. पाणी उकळायला लागलं. इंजिन आधी नुसतंच गरम पाणी थुंकलं. हौशीरामांनी बोटानं चाकाला जरा रेटा दिला, तसं ते फुसफुसलं, अडखळलं आणि पुढचा सुकटा बॉयलर मागच्या गुबगुबीत डब्याला ओढत ओट्याच्या टोकाकडं निघाला. पडेल म्हणून गेणभाऊंनी हात आडवा घातला. बोट चांगलंच पोळलं, पण त्यांनी गाडी सोडली नाही. हौशीरामांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

गाडी निवल्यावर हौशीराम मधला हूक काढायला वाकले. गेणभाऊंनी पोळलेला हात त्यावर ठेवला.

"सोडू नगं. अशीच ने घरी. उद्या सकाळी मी येतो, इंजिनाला रंग द्यायला."

हौशीराम घरी आले, गाडी टेबलावर ठेवली आणि उद्या दादा येणार आहे एवढंच बोलले. रत्नाबाईंनी हातातलं काम ठेवलं. साखरेचा डबा उघडून पाहिला आणि विचारलं, मोठ्या भाऊजींना चहात साखर चालते का आता?  हौशीरामांना माहीत नव्हतं. सकाळी तिथं चहा झाला होता, पण भावाच्या कपात काय होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. फोन करून विचारावं तर भावाचा नंबर घरात नव्हता.

त्यांनी पुन्हा चपला घातल्या आणि विचारायला मळ्याकडं निघाले.