कुणी लिहून दिलं?

चिंतामणी सरांनी तळेगावच्या कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वेस्ट इंडीजच्या कथा हा त्यांचा आवडता भाग. गोऱ्या मळेवाल्यांचे ओसाड पडलेले बंगले, कातडीच्या रंगावरून दारात अडवलेली माणसं, हे शिकवताना त्यांचा आवाज भरून यायचा.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात बबिता होती. तिकोणा पेठेजवळच्या कातकरी वस्तीतली, कधी फारशी न बोलणारी. तिची आई बायडाबाई लोणावळ्यात एका इंग्रजानं बांधलेल्या बंगल्यावर झाडलोट करायची. अशाच एका कथेवरच्या निबंधात बबितानं त्याच बंगल्याविषयी लिहिलं : साहेब गेला, त्याच्या खुर्च्यांना वाळवी लागली, दोनदा मालक बदलले, पण आईनं मागच्या दारानंच यायचं, हे काही बदललं नाही.

सरांनी निबंध दोनदा वाचला आणि भर वर्गात विचारलं, "हे कुणी लिहून दिलं तुला?"

"मीच लिवलं, सर."

"खरं सांग. तुमच्या वस्तीवर असं कोण लिहिणार?"

वर्ग हसला. पंधरा दिवसांनी बबितानं कॉलेज सोडलं. सरांनी चौकशी केली नाही. उलट हा किस्सा ते घरी आल्यागेल्याला रंगवून सांगत. निवृत्तीनंतर एकदा असाच सांगत असताना त्यांच्या पत्नी प्रमोदिनी म्हणाल्या, "आणि तिनंच लिहिलं असेल तर?"

सरांनी किस्सा तिथेच सोडला. मनातून त्यांना ते तेव्हाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते वस्तीवर गेले, बायडाबाईची बबिता कुठे भेटेल म्हणून विचारत फिरले. ती गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुलं बांधत होती.

"बबिता, निबंध तुझाच होता. माझं चुकलं."

"माझाच व्हता, ते मला म्हाईतच हाय, सर," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली.

"राहिलेली परीक्षा दे. फॉर्म मी भरतो."

"आता न्हाई. पन तवा पोरं हसली, त्यांना कोन सांगनार?"

संध्याकाळी सरांनी त्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : "बबितानं तो निबंध स्वतः लिहिला होता. ती कातकरी म्हणून मी विश्वास ठेवला नाही."

चार-पाच जणांनी हात जोडले. आकाशनं विचारलं, "कोण बबिता, सर?"

सर उत्तर लिहू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं, तिचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं.