पाच चाळीसला उघडणारी गाडी

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्या कितीतरी जणांशी मी कमेंटमध्ये भांडले आहे. पुरावा द्या, नाहीतर गप्प बसा, हे माझं ठरलेलं वाक्य. माझे बाबा सातपूरच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. हातमोजे मागणारी पत्रकं, बुवा-बाबांच्या विरोधातली पत्रकं... रविवारी आम्ही बहिणी त्यांच्या घड्या घालायचो. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते आहे. तरी लिहिते, कारण यावर एका बाईचा न्याय अडकलाय.

मी अंबडजवळच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. ज्या नव्या गाड्यांना मोबाइलच किल्ली म्हणून चालतो, त्यांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. फोन खिशात आहे तरी दार उघडत नाही, नाहीतर आपोआप उघडतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप झोपवलेलं असतं, ब्लूटूथची परवानगी गेलेली असते, किंवा गाडीची बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. कधी आधीच्या ड्रायव्हरचा फोन गाडीच्या यादीतून काढायचा राहिलेला असतो.

एप्रिलमध्ये पिंपळगाव बसवंतहून एक मोठी इलेक्ट्रिक गाडी आली. मालक द्राक्षांच्या पॅकहाउसचे. सगळे त्यांना अण्णाशेठ म्हणतात. गाडी आणली होती त्यांच्या नव्या ड्रायव्हरने, कैलासने. तो चावी — म्हणजे चावीचं कार्ड — टेबलावर ठेवून लांब जाऊन उभा राहिला.

"तक्रार काय?"

"ताई, रोज सांजच्याला पाच चाळीसला उघडते. आपोआप. आन् सीट मागं जाते."

"म्हणजे जुन्या ड्रायव्हरचं सेटिंग राहिलंय. त्याचा फोन काढला नसेल."

"काढलाय ना. तो दत्तू... तो तर फेब्रुवारीतच वारला."

आमच्या अमोलला असं काही मिळालं की चेव येतो. "मॅडम, लिंबू-मिरची बांधू का? नवीन अपडेटमध्ये आलंय म्हणे!" सगळे हसले. मीही हसले. कैलास हसला नाही.

दत्तू कसा गेला ते मी त्याच्याकडूनच काढून घेतलं. दत्तू पेठ तालुक्यातला, उंच, अबोल माणूस. पॅकहाउसमध्ये फोन न्यायचा नाही, असा तिथला नियम. गेटवर पेटीत जमा करायचा. पण दत्तूचा फोनच गाडीची किल्ली; तो पेटीत ठेवला तर आवारातली गाडी उघडणार कशी? म्हणून त्याने आपला रिवाज पाडला होता. गाडी उघडायची, फोन गाडीतच ठेवायचा आणि आत जायचं. त्या दिवशी तो कोल्ड रूममध्ये पेट्या आणायला गेला आणि दार बाहेरून बंद झालं. आतल्या बाजूची दाराची कडी कित्येक दिवस तुटलेली होती. कोणाला बोलवायला फोन नव्हता. सकाळी सापडला.

"शेठ काय म्हणतात?"

"शेठ म्हणतेत, त्याला दुपारी दोनलाच कामावरून काढलं व्हतं. किल्लीबी तवाच डिलीट केली. नंतर पिऊन आत शिरला, म्हणतेत. त्याची बायको मंगल म्हणते, नाय, तो कामावरच व्हता. पण तिचं कोण ऐकतंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण काम काम असतं. मी लॉग काढला. गाडी कोणत्या किल्लीने कधी उघडली, किल्ली आत आहे की बाहेर, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं.

त्या दिवसाच्या नोंदी अशा: दत्तूची किल्ली, पाच चाळीस, दार उघडलं. किल्ली आत. त्यानंतर काही नाही... थेट रात्री सव्वानऊ. मालकाच्या फोनवरून दत्तूची किल्ली डिलीट.

दोन वाजता नाही. सव्वानऊला. म्हणजे सव्वानऊपर्यंत दत्तूचा फोन गाडीत पडून होता आणि तोवर ती किल्ली चालू होती. ती अचानक बंद करावीशी का वाटली? ड्रायव्हर घरी गेला नाही, हे कोणालातरी तेव्हाच कळलं होतं. कळलं आणि कोल्ड रूमचं दार उघडलं नाही.

मी खाली सरकत गेले. दुसरा दिवस: पाच चाळीस, तीच किल्ली, दार उघडलं. किल्ली आत. सव्वानऊ, बंद. तिसरा दिवस तेच. मार्च तेच. काल तेच.

मी घाबरले नाही, चिडले. सगळ्या फोनची नोंद काढून टाकली, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, बॅटरी सोडून पुन्हा जोडली. गाडीचं घड्याळ तपासलं. वर्कशॉपमधल्या सगळ्यांचे फोन पत्र्याच्या कपाटात बंद केले. एक शंका उरली होती: दत्तूचा फोन कोणाकडे तरी चालू असेल. कैलासकडून नंबर घेऊन मंगलताईला फोन केला. ती त्याच दिवशी बसने आली. तिने पिशवीतून फोन काढला. चाकाखाली चिरडलेला, गेटबाहेर सापडलेला. बॅटरी नव्हती, आतल्या प्लेटचे दोन तुकडे झाले होते. या वस्तूने काहीही उघडणं शक्य नव्हतं.

पाच चाळीसला शॉपमध्ये लख्ख उजेड होता. आम्ही पाच जण उभे होतो. टक् करून लॉक उघडलं. आरसे वळले. ड्रायव्हरची सीट सावकाश मागे गेली, उंच माणसाला पाय पुरतील इतकी. बाहेर अंगाची लाही होत होती आणि काचा आतून धूसर झाल्या. माझ्या लॅपटॉपवर केबिनचं तापमान उतरत उतरत तीन अंशांवर थांबलं. एसी बंद होता. सेन्सर बिघडला असेल म्हणून मी दारातून हात घातला... सेन्सर बिघडला नव्हता.

अमोल दोन पावलं मागे सरकला.

मंगलताईने फक्त विचारलं, "किती वाजेपर्यंत बसतो?"

"सव्वानऊ."

"रोज?"

मी मान हलवली. तिने दार हळूच लोटलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सर आले. "शेठचा फोन आला होता. फुल रीसेट मार, सगळी मेमरी साफ."

"आधी लॉगची कॉपी जॉब कार्डला लावावी लागते, सर. आपलाच नियम आहे."

"या वेळी नको लावू."

"का?"

"अगं बाई, तुला पगार गाड्या दुरुस्त करायचा मिळतो, चळवळ करायचा नाही!"

मी कॉपी काढली. एक जॉब कार्डला लावली, एक मंगलताईला दिली. त्याच आठवड्यात मला घरी बसवलं. रीसेट सरांनी स्वतः केला. चार दिवसांनी कैलासचा फोन: "ताई, सीट अजून मागंच जाते."

मंगलताईने शेठवर लावलेल्या भरपाईच्या दाव्यात माझी साक्ष झाली. वाटलं होतं, एका नोंदीने काम होईल. शेठच्या वकिलांनी मात्र लॉग शेवटच्या पानावर उघडला.

"मॅडम, तुमच्या मते हा लॉग विश्वासार्ह आहे?"

"हो."

"मग एप्रिलमधली ही नोंदही खरी? चिरडलेल्या फोनने गाडी उघडली?"

तेव्हा मला सापळा दिसला. लॉग बिघडलेला आहे म्हटलं, तर सव्वानऊची नोंदही गेली आणि दत्तू दारुडा ठरला. लॉग बरोबर म्हटलं, तर... आयुष्यभर ज्यांच्या विरोधात पत्रकं वाटली, त्यांच्या रांगेत मी उभी. मंगलताई समोरच्या बाकावर होती. माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या पिशवीकडे बघत होती.

"सगळ्या नोंदी खऱ्या आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे मेलेला माणूस गाडीत येऊन बसतो, असं लिहून घ्यायचं?"

"किल्ली येते, एवढं लिहा. का येते ते मला माहीत नाही."

मागे कोणीतरी हसलं. पण ते लिहून घेतलं गेलं आणि खाली माझी सही आहे.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कारण सापडेल कधीतरी. सही मागे घेऊ नकोस."

मला अजून कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी या कामात असेल आणि हा बिघाड नेमका कुठला ते ओळखत असेल, तर मला ते हवं आहे, मनापासून हवं आहे. फक्त एक विनंती. इथे खाली लिहू नका. निकाल लागेपर्यंत ते कोणालाच सांगू नका, मलाही नको.