अनाथांच्या पंगतीत माझी पोरगी

वाढत वाढत मी माझ्याच पोरीपुढं आले. हातात बुंदीची बादली. ती मांडी घालून बसलेली, अंगात संस्थेचा निळा झगा. तिनं मान वर केली. मी तिच्या पत्रावळीवर बुंदी टाकली आन् पुढच्या पोरीकडं सरकले. सरकावंच लागलं. बालगृहाच्या फाटकातच तिथल्या मॅडमनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज ओळख दाखवू नका. ज्यांना कुणीच नाही त्या मुलींना वाईट वाटतं."

पोरींच्या डोक्यावर फ्लेक्स बांधलेला. त्यावर आमच्या मेसमालकाच्या पोराचा मोठा फोटो, मेडिकलला नंबर लागल्याबद्दल अभिनंदन. आन् खाली, अनाथ बालिकांना मिष्टान्न भोजन. मी सातवी शिकलेली बाई. मला वाचता येतं.

कोमल अनाथ नव्हती. मी तिची माय, तिच्या समोर वाकून वाढत होते. तिचा बापही जिता आहे. हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला गेला आन् तिकडंच दुसरं घर केलं. कंधारजवळच्या खेड्यात माझं सासर. सासू म्हणली, "ल्योकच न्हाई तर सून कशाला ठिवून घेऊ?" भावाकडं गेले. भावजय तोंडानं काही बोलली नाही. पण कोमल जेवायला बसली की ती भाकरीच्या टोपल्यावर झाकण टाकायची. मला समजलं. पोरीला घेतलं आन् लातूरला आले.

लातूरला क्लासेसच्या भागात गल्लोगल्ली मेस. एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. मागं गव्हाच्या पोत्यांची, कट्ट्यांची खोली होती, तिथंच आम्ही दोघी झोपायचो. कोमल दुसरीत. शाळेतून आली की कट्ट्यावर बसून पाढे म्हणायची. एक दिवस एका पोराचा चमचा खाली पडला, तो हिनं उचलून त्याच्या ताटात ठेवला. त्याची माय तिथंच बसलेली. तिनं ताट सरकवलं आन् मालकाला बोलावलं. "इथं कामवालीची लेकरं हिंडतात का? आमचं लेकरू आजारी पडलं तर?"

मालकानं मला भट्टीजवळून उठवलं. सगळ्या पोरांसमोर म्हणले, "हे बघ, इथं बाहेरची लेकरं चालत न्हाईत."

मेस भरून बाहेरचीच लेकरं होती. क्लासला आलेली, नांदेडची, परभणीची, बीडची. त्यांच्या माया घरदार सोडून लातूरला खोल्या करून राहायच्या. लेकरू एकटं राहिलं तर त्याचं मन लागत नाही, अभ्यास होत नाही, असं त्याच माया पोळ्या खाता खाता बोलायच्या. मी ऐकत ऐकत लाटायची. मालकापुढं यातलं काही तोंडातून निघालं नाही. कोमल माझ्या पदरामागं उभी होती. तिला वाटलं चमचा उचलायचा नसतो.

मी खोल्या बघितल्या. जिथं जाईन तिथं एकच सवाल, नवरा कुठाय? एकट्या बाईला कुणी खोली देईना. मग मालकच म्हणले, "चाकूरच्या अलीकडं एक बालगृह हाय, माझ्या ओळखीचं. तिथं टाक पोरीला. जेवण, शाळा, सगळं फुकट. तू बी मोकळी."

मोकळी.

बालकल्याण समितीच्या हाफिसात तीन-चार माणसं टेबलामागं बसलेली. एकानं विचारलं, "बाई, तुमच्या इच्छेनं ठेवताय ना?" मी हाव म्हणलं. दुसरं काय म्हणणार? माझी इच्छा कोणती, ते सांगायला जागा नव्हती तिथं. सही केली. कोमल रडली नाही. एवढंच विचारलं, "माय, तू कवा येतीस?" पुढच्या भेटीला गेले तर तिच्या वेण्या नव्हत्या. उवा झाल्या म्हणून कापल्या, म्हणले. ती सारखी मानेवरून हात फिरवत होती, काहीतरी हरवल्यासारखी. तिच्या केसांना लावायला नेलेलं तेल पिशवीत तसंच परत आणलं.

आन् आता मालकाच्या पोराचा नंबर लागला होता, म्हणून मेसची बुंदी, मेसची पुरी, मेसचीच वाढपी बाई तिथं आलेली.

पंगत अर्धी झाली तेव्हा मालकानं माईक घेतला. म्हणले, या मुलींना आईबाप नाहीत, पण आपण समाज म्हणून आहोत. टाळ्या वाजल्या. मग त्यांच्या पोरानं एका मुलीला घास भरवायचा, त्याचा फोटो काढायचा असं ठरलं. मॅडमनं रांगेवरून नजर फिरवली आन् कोमलला उठवलं. "हिला घ्या. ही फोटोत चांगली दिसते."

पोरगं तसं गरीब होतं. लाजत होतं. त्यानं घास पुढं केला. कोमलनं तोंड उघडलं नाही. मालकानं माईक तिच्या तोंडाजवळ नेला. "बोल बाळा, दादाला काय म्हणायचं?"

ती माझ्याकडं बघत होती. म्हणली, "माझी माय तिथं वाढायलीय."

माईकमधून ते सगळ्या अंगणात गेलं. खुर्च्यांवरचे लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानं हसले. मालकही हसले. त्यांनीच तिला तिथं टाकायला लावलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी माईकवर म्हणले, "बघा मंडळी, वाढणाऱ्या मावशीतसुद्धा हिला आई दिसते. किती भुकेली असतात ही लेकरं मायेची."

एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

कोमल हसली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी काय म्हणते ते ऐकायला. मी बादली खाली ठेवली. पंगतीतून चालत तिच्यापाशी गेले आन् तिचा हात धरला. माईक मला कुणी दिला नाही. मी तशीच बोलले.

"दिसत न्हाई, मालक. मी तिची मायच हाय. पोटची. तुमच्या मेसात पोळ्या लाटती. तुमच्या पोराची माय तिथं खुर्चीवर बसली, ह्या पोरीची माय इथं उभी हाय. हिला अनाथ म्हनू नका."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. मी कोमलला घेऊन तिच्या जागेवर बसले, पंगतीत, जमिनीवर. तिच्याच पत्रावळीतून पुरीचा तुकडा मोडला आन् तिला भरवला. ती खात होती आन् मॅडमकडं बघत होती.

काम त्याच दिवशी गेलं. मालकीणबाईनं माझं गाठोडं मेसच्या दारात आणून ठेवलं. "एवढं केलं तुझ्यासाठी," म्हणली. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर छाती हलकी होईल. झाली नाही. रस्त्यावर गाठोडं घेऊन उभं राहिलेल्या बाईला कसली हलकी छाती?

बालगृहात गेले तर फाटकातूनच परत पाठवलं. समितीची परवानगी आणा, तुम्ही मुलींची शिस्त बिघडवली. समितीकडं गेले, म्हणलं माझी पोरगी मला द्या. त्यांनी विचारलं, "घर आहे का? काम आहे का? नेऊन ठेवणार कुठं?" त्यांचं चूक म्हणता येईना, हेच लई लागलं. तिथली एक बाई फायली बघत बघत म्हणली, "पोरीला घरीच सांभाळायला सरकारी मदत मिळते एकट्या आईला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" पोरीला सोडायला आले तेव्हा हीच बाई, हीच खुर्ची. तेव्हा सगळ्यांनी सहीची जागा तेवढी दाखवली होती. आता मदत मिळायलाही पोरगी आधी घरी पाहिजे, म्हणले.

आता बसस्टँडमागच्या एका पोळीभाजी केंद्रात काम करते. तिथल्याच शमीमआपाच्या खोलीत झोपते. तिची खोली मोठी नाही, माझ्या नावावर तर नाहीच. समितीला माझ्या नावाची खोली पाहिजे. घरमालकाला नवरा पाहिजे. मधे पोरगी.

भेटीची परवानगी मिळाली तेव्हा कोमल समोर येऊन बसली. हातावर हात ठेवून, शाळेत बसतात तशी. हळू म्हणली, "मी माईकमधी बोलले म्हणून तुझं काम गेलं ना? मॅडम म्हनल्या." मी काही बोलायच्या आत म्हणली, "आता मी कुनाला सांगनार न्हाई, माय हाय म्हनून."

पंगतीत ऐकलं ते सोसलं होतं. हे सोसलं नाही. चमचा उचलायचा नसतो हे ती शिकली. आता माय असल्याचं सांगायचं नसतं हेही शिकत होती. मी तिची हनुवटी धरून मान वर केली.

"सांगायचं. जो इचारल त्याला सांगायचं. मोठ्यानं."

शेजारच्या टेबलावर मॅडम बसलेल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल असंच बोलले.

समितीची पुढची तारीख मिळाली आहे. खोली अजून नाही. त्या दिवशीही ते नाही म्हणतील, मला ठाऊक आहे. मी त्याच्या पुढच्या तारखेला जाईन. त्याच्याही पुढच्या. टेबलापुढं उभी राहीन, हटणार नाही. कुणाच्या पुण्यासाठी माझी पोरगी अनाथ होणार नाही.